फीडचा स्वच्छ पत्ता

१ जून, सोमवार. सकाळी ९.४०
एक कोडे. वेबसाइटवर तक्रार लिहिण्याची चौकट असते. त्या चौकटीच्या बरोबर वर, ठळक अक्षरांत, उत्तर लिहिलेले असते. तरीही माणूस चौकटीत नेमके तेच विचारतो. असे का व्हावे? आमच्या मासिकाच्या साइटचा मदतकक्ष सांभाळताना गेली सहा वर्षे मी यावर विचार करत आहे. (मदतकक्ष म्हणजे मी, एक टेबल आणि अर्धी खिडकी. उरलेली अर्धी जाहिरात विभागाकडे आहे.) आज उलगडा झाला. उत्तर फार त्रोटक आहे. पूर्ण समजावून सांगितल्याशिवाय माणूस वाचायलाच तयार होत नाही.
संकल्प: मदतीचे पान नव्याने लिहिणे.

दुपारी ४
बैठक झाली. आमच्या ‘बुधवारची गोष्ट’ या पॉडकास्टला सध्या आठवड्याला चार हजार शंभर श्रोते आहेत. संचालकसाहेबांनी सांगितले की, हा आकडा महिनाअखेर तीन हजारांच्या खाली गेला तर कार्यक्रम बंद. त्या जागी दीड मिनिटाचे व्हिडिओ. निवेदिकाबाई अकरा वर्षे दर बुधवारी गोष्ट वाचत आहेत. त्यांनी समोरच्या कागदावरून मान वर केली नाही.
बाहेर पडताना मी त्यांना म्हटले की, श्रोत्यांची तांत्रिक बाजू माझ्याकडे सोपवा आणि निर्धास्त राहा. त्यांनी मनापासून आभार मानले. जबाबदारी मोठी आहे. मला आवडते.

२ जून, मंगळवार
मदतीचे पान पूर्ण. तेवीस पायऱ्या. पहिल्या चार प्रास्ताविक आहेत. बायकोला वाचून दाखवले. सातव्या पायरीला ती कपडे वाळत घालायला गेली. म्हणजे तोवरचे समजले असावे.

४ जून, गुरुवार. सकाळी ११
कालची गोष्ट सुरळीत गेली. आज मूळ दुखण्याला हात घातला.
फीड म्हणजे काय? एक यादी. श्रोत्याच्या फोनमधले अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने एका ठरलेल्या पत्त्यावर जाते आणि नवीन काही आले का, असे यादीला विचारते. आले असेल तर घेऊन येते. इतके सुंदर आहे हे. पण आमच्या फीडचा पत्ता ‘न्यू-२-फायनल-खरा’ असा संपत असे. माझ्या आधीच्या माणसाचा हलगर्जीपणा. असल्या पत्त्यावर कोणाचा विश्वास बसणार?
नवा पत्ता केला. लहान, स्वच्छ, पाठ होईल असा. जुन्या पत्त्यावर जुनी यादी जशीच्या तशी राहू दिली, म्हणजे कोणाला एकदम धक्का बसायला नको.

दुपारी १
श्रोत्यांना कळवणे आवश्यकच. स्वतःच्या आवाजात सहा मिनिटांची सूचना ध्वनिमुद्रित केली: पत्ता का बदलला, कसा बदलला, फोनमध्ये तो कसा घालावा. नव्या फीडमध्ये सर्वांत वर ठेवली. आता ज्याला त्याला पहिली तीच ऐकू येईल.

११ जून, गुरुवार
या आठवड्यात तक्रारी फक्त तीन. एरवी चाळीस येतात. तेवीस पायऱ्यांचा परिणाम इतक्या लवकर दिसेल, असे वाटले नव्हते.
तक्रार करणाऱ्यांपैकी एक सेवानिवृत्त परिचारिका आहेत. त्यांना कार्यक्रमाबद्दल निवेदिकाबाईंशी ‘जरा खासगीत’ बोलायचे आहे. कसे कळवावे, असे विचारतात. खासगी संवादाविषयी लोकांमध्ये कमालीचे अज्ञान आहे. त्यांना संदेश कुलूपबंद करून पाठवण्याची रीत सविस्तर लिहिली: दोन किल्ल्या असतात, एक जगजाहीर, एक आपल्यापाशी, आधी अमुक उतरवून घ्या, मग तमुक. चौदा परिच्छेद झाले. वाचून समाधान वाटले.

१२ जून, शुक्रवार
बायको म्हणाली की, या बुधवारी नवी गोष्ट आलीच नाही. मी विचारले, रिफ्रेश केलेस का? तिने केले होते. मी विचारले, नवा पत्ता घातलास का? तिने विचारले, कुठला नवा पत्ता? मी शांतपणे सांगितले की, त्याची सूचना पॉडकास्टवर दिलेली आहे. ती म्हणाली की, पॉडकास्टच येत नाही. पुन्हा मुळापासून समजावायला बसलो. चाळीस मिनिटांनी लक्षात आले की, ती इस्त्री करता करता जुनी गाणी ऐकत आहे.
घरच्या माणसांना घरच्या माणसाची किंमत नसते. पुढे चला.

१५ जून, सोमवार
दहा तारखेच्या भागाचा आकडा आला: एकसष्ट.
छापण्यात चूक असेल असे वाटले. नव्हती.
शांत डोक्याने विचार केला. तक्रारी नाहीत, म्हणजे यंत्रणेत दोष नाही. यंत्रणेत दोष नाही, म्हणजे दोष आशयात आहे. हे तर्कशास्त्र आहे, यात व्यक्तिगत काही नाही. बाईंना कसे सांगावे, हाच प्रश्न.

१७ जून, बुधवार. दुपारी २
ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेलो. बाई आजची गोष्ट तिसऱ्यांदा वाचत होत्या. आधी हळू वाचली, मग भरभर. आता मधल्या पट्टीत. समोर थर्मासमध्ये कोमट पाणी. त्यांनी हेडफोन काढले आणि विचारले,
“माझ्या आवाजात काही बदललंय का हो? तुम्ही खरं ते सांगाल.”
त्यांनी माझ्यावर टाकलेल्या विश्वासाने मी भारावलो. पूर्ण सहानुभूतीने सांगितले की, स्वरतंतू हा स्नायूंचाच प्रकार, वयानुसार त्यांची लवचीकता कमी होते आणि श्रोत्यांच्या कानाला ते नकळत जाणवते. आकृतीही काढून दिली.
त्यांनी आकृतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग चौथ्यांदा वाचायला बसल्या.

१९ जून, शुक्रवार
तक्रारी शून्य. सहा वर्षांतला पहिला शून्य. टेबलावर कोरा कागद ठेवून थोडा वेळ नुसता पाहत बसलो. जाहिरात विभागाने विचारले की, आता तुम्ही दिवसभर करता काय? मत्सर.

२२ जून, सोमवार
सतरा तारखेचा आकडा: अठ्ठावीस. यातले सहा आमच्याच कार्यालयातले फोन, पत्ता मी स्वतः घालून दिलेले.
बाईंनी घशाच्या डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, असे मी सुचवले.

२४ जून, बुधवार
थकवा. आज बाईंनी गोष्ट एकदाच वाचली, सरळ, आणि उठल्या. स्वागतकक्षातून कळले की, बाईंनी ड्रॉवर रिकामा करायला घेतला आहे. कपाटातल्या सामानासाठी खोका कुठे मिळेल, असे विचारत होत्या.
मी माझ्या परीने सगळे केले. पान तेवीसवरून एकतीस पायऱ्यांचे केले.

२६ जून, शुक्रवार. सकाळी १०.३०
एक पोस्टकार्ड आले आहे. त्या सेवानिवृत्त परिचारिकेचे. खासगी मजकूर, आणि उघड्या कार्डावर. चौदा परिच्छेद वाया. माझ्या टेबलापर्यंत येईतो ते स्वागतकक्ष, जाहिरात विभाग, चहावाले मामा आणि संचालकसाहेब यांचे वाचून झाले होते. मजकूर उतरवून ठेवतो:
“बाई, तीन तारखेनंतर तुमची एकही गोष्ट आली नाही. आमच्या वृद्धाश्रमात आम्ही अठरा जणी बुधवारी फोनभोवती बसून वाट बघतो. मदतवाल्यांना विचारलं तर त्यांनी कुलपाबद्दल लिहिलं. तुम्ही आजारी आहात का? एवढंच कळवा.”
बाई माझ्या टेबलासमोर उभ्या. हातात कार्ड.

सकाळी ११
साहेबांनी विचारले की, पत्ता बदलल्याचे लोकांना कुठे सांगितले होते. मी म्हटले, नव्या पत्त्यावर. वाक्य पूर्ण करावे म्हणून मी सांगू लागलो की, नव्या गोष्टी फक्त नव्या पत्त्यावर जात होत्या आणि जुन्या पत्त्यावर जुनी यादी जपून ठेवल्यामुळे कोणाच्याही फोनवर चूक दिसत नव्हती. अ‍ॅप विचारी, नवीन काही आहे का, आणि यादी नम्रपणे सांगे, नाही. हे बोलता बोलता माझे मलाच ऐकू येऊ लागले.
बाई म्हणाल्या, “म्हणजे तीन आठवडे मी रिकाम्या खोलीत वाचत होते.” मग म्हणाल्या, “आणि वर तुम्ही मला आकृती काढून दिलीत.”
मी संगणकाकडे वळलो. स्पष्टीकरण न देता. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

सकाळी ११.२०
जुन्या पत्त्यावर एक ओळ घातली: येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवा. चार मिनिटांचे काम. त्यातली तीन पासवर्ड आठवण्यात गेली.

२९ जून, सोमवार
राहिलेल्या तिन्ही गोष्टी लोकांच्या फोनवर एकदम उतरल्या. शुक्रवारपासून प्रत्येक भागाला चार हजारांहून अधिक श्रोते. तक्रारी दोनशे सात. त्यातल्या एकशे ऐंशी जणांनी बाईंच्या तब्येतीची चौकशी केली आहे. उरलेले विचारतात की, मधेच सहा मिनिटे बोलणारे हे गृहस्थ कोण, आणि त्यांना काढता येईल का.

३० जून, मंगळवार. सायंकाळी ५
निर्णय झाला. ‘बुधवारची गोष्ट’ चालू राहील. मदतीचे पान काढले. त्या जागी एक टेलिफोन नंबर. फोन बाईंच्या टेबलावर, शेजारी चहावाले मामा बसतील. बाईंच्या मते मामांना ऐकून घेता येते. उद्यापासून मी तळमजल्यावर जुने अंक क्रमाने लावणार. तिथे खिडकी नाही. जाहिरात विभागाशी असलेले भांडण मिटले.
बाईंची क्षमा मागितली. म्हणजे, मागायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला त्या म्हणाल्या, “पुरे. समजलं.” आणि फोन वाजला म्हणून वळल्या. आवाज अगदी पूर्वीचाच होता. बहुधा पूर्वीपासून तसाच असावा.
मामांना सोपवण्यासाठी कामकाजाची टिपणे काढायला बसलो होतो. नऊ पाने झाली. फाडली. एवढेच ठेवले आहे:
आपण काही बदलले, तर ज्या फोनला आपण कधी हात लावलेला नाही, असा कोणाचाही फोन शोधावा. तो त्या माणसाच्याच हातात राहू द्यावा. विचारावे: शेवटची गोष्ट कोणत्या तारखेची दिसते? तारीख ताजी असेल, तर ठीक. जुनी असेल, तर त्याला काही समजावू नये. उठावे आणि आपले काम तपासावे.