काठावर धरलेले कपडे

अमरावती,
शनिवार, ता. ९ फेब्रुवारी १९२९

शालिकदादास गोवर्धनचा नमस्कार.

आम्ही सर्व इकडे ठीक आहोत. तू पाठवलेली वांगी पोचली. निम्मी आमच्या शाळेतल्या मास्तरांना वाटली. तानुवहिनीच्या गुडघ्याला तेलाने उतार पडला का, असं जयवंता रोज मला विचारते, जणू बारशीटाकळी आमच्या परसात आहे.

हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस. तू चौथीपर्यंत शिकला आहेस. सावकाश वाच, पण स्वतः वाच. दुसऱ्याच्या तोंडून पत्र ऐकलं की काय होतं, तेच आज लिहायला बसलो आहे.

विलूबाबाचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर शेवटी सांगतो. आधी सांगितला तर बाकीचं लिहायची हिंमत राहणार नाही.

सगळं तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिल्याशिवाय मला जमत नाही. पार्बताआत्या अकोल्याला इंजिनियरसाहेबाच्या बंगल्यावर भाजी घालायची. तिच्यामागे तू, तुझ्यामागे मी, आणि फाटकावर साहेबाचा सात वर्षांचा विल्फ्रेड, आपला विलूबाबा, वाट पाहत उभा. त्या उन्हाळ्यात तू त्याला मोर्णेच्या डोहात पोहायला शिकवलंस. आत्याने बी धरायला ठेवलेला सुका भोपळा चोरून त्याच्या पाठीला बांधला होतास. तो गटांगळ्या खाऊ लागला की ओरडायचास, "पान्यासंग भांडू नोको. त्याच्यावर निजून राह्य."

मी काठावर तुमचे दोघांचे कपडे धरून बसायचो. मला पाण्याची भीती होती. भोपळा एकच होता, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे तू मला तीनदा बोलावलं होतंस.

पुढच्या वर्षी त्याला विलायतेला पाठवलं. पंधराव्या वर्षी तो आरमारात लागला आणि तिथून त्याने तुला पहिलं पत्र लिहिलं. ते घेऊन तू माझ्याकडे आलास, कारण मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. मी वाचलं, तू सांगितलंस, मी उत्तर लिहिलं. तेव्हापासून पत्ता माझा आणि पत्र तुझं. सब-लेफ्टनंट झाल्याचं, लेफ्टनंट झाल्याचं, चीनच्या समुद्रातल्या तीन वर्षांचं, लढाईतलं, कमांडर झाल्याचं आणि शेवटी सरकारला इतके अधिकारी नको झाले तेव्हा पस्तिशीतच घरी बसवल्याचं, सगळं तू माझ्या तोंडून ऐकलंस. मी मात्र शाळेत त्या बोटींचे फोटो दाखवून म्हणायचो, माझा मित्र आरमारात आहे. बी. ए. मी झालो, त्याची भाषा मी शिकलो, आणि पत्रं मात्र ज्याला ती वाचता येत नाहीत त्याच्या नावाने यायची. ही गोष्ट मला पंचवीस वर्षं टोचत आली आहे.

आता मुख्य. सतरा साली त्याची बोट बुडाली. ते पत्र चार पानांचं होतं. मी तुला सांगितलं, 'बोट बुडाली, विलूबाबा वाचला, खुशाल आहे.' तेवढ्यावर तू मारुतीपुढे नारळ फोडलास. चार पानांत असं होतं: बर्फासारख्या पाण्यात तो तीन तास होता. शेजारचे हातपाय मारून मारून बुडाले. त्याला मोर्णेचा डोह आठवला आणि तुझा आवाज ऐकू आला. तो पाण्यावर निजून राहिला. त्याने लिहिलं होतं, 'माझा जीव शालिकने वाचवला, हे त्याला शब्दन् शब्द सांग.'

मी नाही सांगितलं.

तुझे शब्दही मी असेच कापले. आत्या गेली तेव्हा तू म्हणालास, "त्याले लिही, मायनं जाताना इचारलं, विलू जेवला का." मी लिहिलं, आई वारली. इंग्रजीत ते बरं दिसणार नाही, असं तेव्हा स्वतःला समजावलं होतं. ते इंग्रजीत फार चांगलं दिसलं असतं.

नोव्हेंबरात त्याचं पत्र आलं की कलकत्त्याच्या बंदरात तीन महिन्यांचं काम मिळालं आहे, मेल सकाळी अकोल्याला वीस मिनिटं थांबते, शालिकला घेऊन ये. मी शाळेतून रजा काढली आणि एकटाच आलो. तू त्या सकाळी भाजीबाजारात बसला होतास, स्टेशनापासून अर्ध्या मैलावर. मी बाजाराच्या तोंडापर्यंत आलो होतो. तू कोणाशी तरी भावावरून हुज्जत घालत होतास. तिथून मी परत फिरलो आणि तुझ्या ओळखीचं कोणी पाहू नये म्हणून गाडी येईपर्यंत वेटिंगरूममध्ये बसलो.

तो उतरला. केस पिकले आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी पाठ केलेलं स्वागत इंग्रजीत म्हटलं. त्याने हात मिळवला, माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाला, "शालिक कुठी हाय?"

अगदी आपल्या बोलीत. तेवढं त्याच्या जिभेवर राहिलं आहे. मी सांगितलं, तू तापाने अंथरुणावर आहेस. त्याचा चेहरा पडला. मग मी कोण ते त्याने आठवून पाहिलं आणि हसून इंग्रजीत म्हणाला, हां, तू आमचे कपडे सांभाळायचास. उरलेला सगळा वेळ तो तुझ्याबद्दल विचारत राहिला. गाडी हलली तेव्हा त्याने तुझ्यासाठी एक पितळी गुंडी दिली. नांगराचं चिन्ह आहे. पाण्यात पडला त्या दिवशीच्या कोटाची. ती तीन महिने माझ्या पेटीत होती. या पाकिटात घातली आहे.

त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलं आहे, 'शालिकदादा कामात असल्याने येऊ शकला नाही.' ती वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तरीही.

आता कालचं पत्र. काम संपवून तो येत्या शुक्रवारी, १५ तारखेला, संध्याकाळच्या मेलने अकोल्याला उतरतो आहे. तू बरा झालास का, असं विचारलं आहे. नसलास तर गाडी करून बारशीटाकळीला येईन म्हणतो. म्हणजे माझं खोटं आठ दिवसांत उघडं पडणारच होतं. ते पडणार नसतं तर हे पत्र मी लिहिलं असतं का? कालपासून स्वतःला विचारतो आहे. असतं, असं म्हणवत नाही.

तू स्टेशनावर जा. घरी सुका भोपळा असला तर बरोबर ने. जुनी सगळी पत्रं रजिस्टर टपालाने वेगळी पाठवतो आहे. ती त्याच्याकडूनच समजून घे. मोडकंतोडकं बोलेल, पण मधे कोणी नको. आत्याने जाताना काय विचारलं ते त्याला आधी सांग.

मी येणार नाही. यायची फार इच्छा आहे, आणि ती इच्छा चांगली नाही. इतकं सगळं लिहून झाल्यावरही मनात हेच आहे की उतरल्यावर तो एकदा तरी म्हणेल, गोवर्धन का नाही आला. म्हणालाच तर मला कळवू नकोस.

काठावर कपडे धरून बसलेला
तुझा मामेभाऊ
गोवर्धन