नकाशावरचा एकटा ठिपका

ओंगार, गुरुवार, १० नोव्हेंबर २०११

पाय नुसते भरून आलेत. तरी तो नकाशा डोक्यातून जात नाही.

वॉर्डातले थ्रॅपवेल आजोबा आज घरी गेले. निघताना त्यांनी लेकीने नेटवरून छापून आणलेला नकाशा दाखवला. त्यांच्या आडनावाचं घर जिथे, तिथे लाल ठिपका. इंग्लंडच्या पूर्वेला एका नदीकाठी दहाबारा, मग नुसता समुद्र, आणि इकडे आयर्लंडमध्ये डंडॉकला एकच. त्यांचे पणजोबा गिरणीत यंत्रं बसवायला आले आणि इथलेच झाले.

"तो एकटा ठिपका मी," म्हणाले. "लेक आता नवऱ्याचं आडनाव लावते. तुमचं काय, डॉक्टर?"

मी पटकन सांगितलं, आम्ही मूळचे सासवडचे, म्हणून सासवडकर. भरपूर आहोत.

"ग्रँड," म्हणाले. इथल्या बोलीत म्हणजे 'छान'.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. सासवड निखिलचं, माझ्या नवऱ्याचं. मी तिथे दोनदा गेलेय, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला. लग्नाआधी अठ्ठावीस वर्षं मी कोळथरकर होते. बाबांना आम्ही दोघी मुलीच, काका कुणी नाही. म्हणजे तेही एकटा ठिपकाच. आणि मला आठवलंसुद्धा नाही? दमले होते म्हणून?

घरी येऊन फोन केला. बाबा झोपायच्या बेतात होते.

"बाबा, आपलं गाव कोळथरेच ना?"

"माझं हो," म्हणाले. "तुझं आता सासवड."

किती सहज म्हणाले. दुपारी मीही तितक्याच सहज म्हटलं होतं.