देवकाबाईची भिंत

३ नोव्हेंबर १९६८, मुधोळ
बदलीचं तोंड काळं होवो म्हणत आलो, पण घर झकास मिळालं. उत्तरेच्या खिडकीतून मवाळ उजेड येतो, चित्राला आणखी काय पाहिजे? मालकीण देवकाबाई, एकटीच. ओसरीच्या भिंतीवर तिच्या मेलेल्या माणसांच्या तसबिरी, फोटोवरून रंगवून घेतलेल्या. प्रत्येकीला शेवंतीचा हार. मलाही कचेरीतून आलं की फोटो पाहून रंगवायचा नाद. बायको विनोदिनी आणि लेक सरू पुढल्या महिन्यात किनवटहून यायच्या. तोवर त्यांनाच काढतो. बासरला सरस्वतीच्या देवळात सरूनं पहिल्यांदा पाटी गिरवली, तेव्हाचा दोघींचा फोटो आहेच.

१० नोव्हेंबर
विनोदिनी झाली. नाक जरा फताडं आलं, बाईसाहेब चिडणार. चित्र वाळायला ओसरीत टांगलं. संध्याकाळी पाहतो तर त्याला हार. डोकंच फिरलं. बायको जिवंत आहे माझी, म्हणून देवकाबाईला झापलं. ती शांतपणे म्हणाली, या घरात जित्या माणसाचं चित्र काढत नाईत, तुमी काऊन काढलं? मी म्हटलं, मग आधी सांगायला काय झालं होतं? हार उकिरड्यावर फेकला.

१४ नोव्हेंबर
पुन्हा हार. ती म्हणते, तिनं घातला नाही. खोटारडी. मेहुण्याचं, अमृतरावांचं पत्र आलं, विनोदिनीला ताप आहे. हवा बदलली की येतोच. सरूचं चित्र सुरू केलं. परकर, पाटी, वेण्या झाल्या. चेहरा कोराच आहे.

१७ नोव्हेंबर
तार. विनोदिनी गेली.

२३ नोव्हेंबर
सरूला किनवटलाच ठेवून तेराव्याआधीच परतलो. लोक काय नावं ठेवायची ती ठेवोत, सरूचं चित्र जाळायचं होतं. मी ठेवलं तेव्हा चेहरा कोरा होता. आता नाक आहे, ओठ आहेत. देवकाबाई म्हणाली, भिंतीवरल्या माणसाइनं काढलं. तिच्या नवऱ्यानंही हौसेनं लेकीचं काढलं होतं, ती आठ दिवसांत गेली. आता तुमची पाळी, म्हणाली. बाईला मनापासून बरं वाटत होतं. घासलेट ओतून जाळलं.

२४ नोव्हेंबर
सकाळी चित्र जागेवर. भुवया आल्या. डोळे बाकी.

२५ नोव्हेंबर
तार. सरूला ताप—

२६ नोव्हेंबर
एक डोळा उघडला. काळा रंग फासला. खालून पुन्हा वर येतो. माझी पोर सहा वर्षांची आहे, सहा—

२७ नोव्हेंबर
नोकरीच्या अर्जाचा माझा फोटो सापडला. तो समोर ठेवून तिच्या तोंडावर माझंच तोंड चढवतोय. हा रंग मात्र टिकतो. मिशा झाल्या. माझं अंग फणफणलंय. बरं झालं. म्हणजे तिकडं तिचा उतरत असेल—

एक डोळा झाला. देवकाबाई हार घेऊन दारात उभी. थांब म्हणावं बाई, दुसरा डोळा राहिलाय, अर्धवट राहिलं तर सरू—