न म्हणजे नरहरी

मुरुड, ४ एप्रिल १९८३
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. दाखवण्यालायक माणूस या जिल्ह्यात नाही.
लातूरच्या वाचनालयात जुनं पुस्तक सापडलं. विहिरी कशा खोदाव्यात यावर. कव्हर गायब. समासात पेन्सिलीनं मोडीत टिपणं. पहिल्या पानावर दोन मालक. खालचा स्पष्ट: ईश्वरप्पा, उदगीर. वरचं नाव शाईनं खोडलेलं. फक्त 'न' शिल्लक, पुढे 'चाकूर'.
न म्हणजे नरहरी. माझे आजोबा. त्यांना पाण्यातलं कळायचं असं ते स्वतः सांगायचे. आणखी काय पुरावा पाहिजे? चाकूरला बाजाराला गेले असतील.
ग्रंथपाल रामकिशन म्हणतो, "न वरून नळ बी होतो, व्यंकटराव." मूर्ख माणूस. नळाला तर आठ दिवस पाणी नाही.

७ एप्रिल
१ मेला वाचनालयात कार्यक्रम. नवीन जिल्ह्याचा पहिला महाराष्ट्र दिन. कुठल्या गावात किती हातावर पाणी लागलं ते त्या टिपणांत आहे म्हणे. दुष्काळामुळे भूजलवाल्या साहेबांना ती पाहिजेत. लिहिणाऱ्याच्या वारसाचा सत्कार. म्हणजे माझा. भाषण लिहायला घेतलं. बारा पानं झाली, आजोबा अजून जन्मले नाहीत.
रामकिशननं विचारलं, मोडी येते का. म्हणालो, तहसिलीत तीस वर्षं काढली, हे काय विचारणं झालं? (येते असं म्हणालो नाही.)

११ एप्रिल, दुपार
उदगीर. एसटीत उभ्यानं. ईश्वरप्पाचा मुलगा मलप्पा, कापडाचं दुकान. चहा विचारला नाही. म्हणाला, "बाबांनी ते पुस्तक चाकूरच्या नरसिंगकडून घेतलं. विहिरी खोदायचा. लई नाव होतं त्याचं." मग नाव खोडलं कुणी? "बाबांनीच. घरात आलं म्हंजे आपलं."
निर्लज्ज खानदान. पण साखळी जुळली. नरसिंगनं आजोबांकडून चोरलं, ईश्वरप्पानं त्याच्याकडून घेतलं. एका फेरीत चोर सापडला. पोलिसांना जमलं नसतं.

१२ एप्रिल
बायको म्हणाली, आधी कुणाकडून टिपणं वाचून तर घ्या. पार्वतीला संशोधनातलं काही कळत नाही.

१८ एप्रिल, सोमवार
पुस्तक सही करून घेतलं, चाकूर गाठलं. नरसिंगची मुलगी केवळाबाई, रिटायर शिक्षिका. भिंतीवर बुद्धाची तसबीर. पाणी दिलं. मी घेतलं नाही. उपास होता. "उपासाला पाणी चालतंय की," म्हणाली. माझा उपास कडक असतो.
सरळ विचारलं, तुमच्या वडिलांनी हे कुठून उचललं? तिनं चष्मा लावला, समासावर बोट ठेवलं आणि घडाघडा मोडी वाचायला लागली. "बाबाचं अक्षर. मला मातीत बोट धरून त्यांनीच शिकवली. पस्तीस वर्षांनी बघतेय." एकेका अक्षरावरून बोट फिरवत बसली. मी घड्याळ बघितलं.
एका पानावर थांबली. माझं गाव विचारलं. मग आजोबांचं नाव. मग वाचलं: 'मुरुड, नरहरी मालकाचं परस. अठरा हातावर पाणी. आणखी सहा हात खोदलं तर कधी आटणार नाही. मालक म्हणाले बस. खोदेपर्यंत विहिरीत मी उतरत होतो. पाणी लागलं आणि शिवायची मनाई झाली. बायको ओंजळ पसरून उभी होती. मालकानं हाकललं.'
म्हणालो, अक्षर नीट लागलं नसेल. तिनं पुन्हा वाचलं. सावकाश.

२० एप्रिल
पुस्तक जीर्ण आहे. एखादं पान प्रवासात आपोआप गळू शकतं.

२१ एप्रिल
गळालं नाही. मदत करायला गेलो तर पार्वतीनं मनगट धरलं. त्या पानात काय आहे ते तिला सांगून बसलो होतो. हिच्या मनगटात एवढी ताकद कुठून आली?
पुस्तक परत केलं. रामकिशन म्हणाला, साहेबांनी पानोपान फोटो काढून नेलेत, मागच्याच महिन्यात. हे आधी सांगायला नको? कारस्थानी माणूस.

१ मे
जायचं नाही असं ठरवून गेलो. हार केवळाबाईला. अक्षर वडिलांचं असल्याचं तिनं रामकिशनला पत्रानं कळवलं होतं म्हणे. माईकवर म्हणाली, "मुरुडच्या व्यंकटरावांनी माझ्या बाबाचं पुस्तक माझ्या दारात आणलं. मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. पण आणलं." टाळ्या. उभं राहावं लागलं. भाषण खिशात होतं. कुणी विचारलं नाही. लातूरला श्रोतेच नाहीत.

९ मे
साहेबांची जीप दारात. सोबत केवळाबाई. परसातली विहीर बघायची म्हणे. कोरडी ठणठणीत. केवळाबाई वाकून बघत राहिली. "सहा हात," म्हणाली. एवढंच.
साहेबांनी विचारलं, खोदता का? म्हणालो, विचार करून कळवतो. पार्वती आतून ओरडली, "उद्यापासून खोदतो, साहेब!"
माझ्या घरात माझ्यावतीनं उत्तरं द्यायची ही पद्धत मला मान्य नाही. उद्या बोलणार.

२६ मे
बोलायला वेळ मिळाला नाही. मजूर सगळे रोजगार हमीवर, कसेबसे दोघे मिळाले. मी फक्त देखरेख करणार होतो. सोळा दिवस गाळाची घमेली ओढतोय. कंबर गेली. दोन्ही हातांना फोड.
आज संध्याकाळी सहाव्या हातावर झरा फुटला. गार, काचेसारखं. पार्वतीनं पहिला तांब्या भरला, वर वाटी झाकली. मी हात पुढे केला.
"हात लावू नका. उद्या केवळाबाई येणार हायत. पहिलं पाणी त्यांचं."
म्हणालो, घसा सुकलाय, घोटभर तरी दे. तिनं तांब्या फडताळात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.