वसईचा मोगरा, लालबागची खोली

बाबा, काल दादरच्या फुलबाजारात गेले होते. वसईचा मोगरा आहे का विचारलं, तर फुलवाला म्हणाला, "ताई, वसईचा आता येतो कुठे फारसा?" अगदी सहज म्हणाला हो, पण मला असा राग आला की न घेताच चालू लागले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वसईला कुणी कमी लेखलं की तुम्हालाच कमी लेखल्यासारखं वाटतं. घरी येऊन चहा टाकला आणि हे लिहायला बसले.

गिरणीचा संप लांबला तेव्हा मी नववीत होते. तुम्ही साच्यावर उभं राहून कापड विणणारे, घरात बसायची सवय ती कसली! आधी सभांना जायचात, मग नुसतं नाक्यापर्यंत, मग गॅलरीतच. समोरच्या खोलीतले काका असेच बसून बसून दारूला लागले आणि गेले. तेव्हापासून शाळेतून येताना माझी नजर आधी आपल्या गॅलरीकडे जायची. तुम्ही दिसलात की जीव भांड्यात पडायचा, आणि जवळ येऊन तुमचा चेहरा पाहिला की पुन्हा धस्स व्हायचं. आई तोवर दादरला गजरे ओवायला जाऊ लागली होती. तिथे वसईच्या एक काकू रोज सकाळी मोगऱ्याच्या कळ्या घेऊन यायच्या. नवरा वारलेला, मुलं लहान, वाडी सांभाळायला माणूस हवा होता. आईने परस्पर तुमचं नाव सांगून टाकलं. केवढे भडकलात तुम्ही! "मी काय माळी आहे?" आई स्टोव्हला पंप मारत होती, तिने मानही वर केली नाही. "नाय तर शिका. हंय बसान कुजण्यापेक्षा बरा."

तुम्ही वाडीवर राहायला गेल्यावर पहिल्यांदा भेटायला आलो तो रविवार आठवतो. एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मधे नारळी-केळींच्या सावलीत वाड्या. कुणाच्या पानवेली, कुणाची केळी, कुणाचं दूध, कुणाची फुलं. पण सगळ्यांचं तोंड मुंबईकडे. काकू हसून म्हणायच्या, "दादरला लग्नं लागली की आमच्याकडे चुली पेटतात." मी मात्र तुमच्याकडे बघत होते. तुम्ही विहिरीच्या काठावर उभे होतात आणि पाण्याकडे अशी नजर लावून होतात, जसं कुणी दिवाळीत मिठाईच्या दुकानासमोर उभं राहावं.

तिथेच घोळ झाला. उभा जन्म चाळीच्या नळावर गेलेला, पाणी गेलं की दिवस कोरडा. अशा माणसाच्या हातात काठोकाठ विहीर आणि पंप! काकूंनी बजावलं होतं, थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग छाटून पाणी सोडलं की कळी धरते. तुम्हाला ती वाळणारी झाडं बघवेनात. काकू बाजाराला निघाल्या की इकडे तुमचा पंप सुरू. झाडं हिरवीगार झाली, आणि ऐन लग्नसराईत कळीचा पत्ता नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आता दादरला पाला विकू का?" तुम्ही त्याच दिवशी पिशवी उचलून लालबागला परत आलात आणि पुन्हा गॅलरीत बसलात. "पाणी असताना कुणाला तहानलेलं ठेवायचं, हे आपल्याला जमायचं नाय," म्हणालात आणि जेवला नाहीत. मी मोरीत जाऊन रडले. आता बाबा उठत नाहीत, असंच वाटलं मला.

दोन दिवसांनी काकू बाजार आटपून थेट आपल्या चाळीचे जिने चढून आल्या. आईने पाणी दिलं, ते हातात धरूनच त्यांनी विचारलं, "भाऊ, साचा किती दिवसांत शिकलात?"

"चांगली दोन वर्षं गेली."

"मग माझी वाडी एका थंडीत कशी येईल हो?"

तुम्ही उठून शर्ट घातलात.

पुढच्या थंडीत पानं गळायला लागली की तुम्ही झाडांकडे पाठ करून बसायचात, हे काकूंनीच आईला हसत हसत सांगितलं. पण पंपाला हात लावला नाहीत. आणि त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी केळीच्या पानात कळ्या बांधून घरी आलात. आईला आयुष्यात पहिल्यांदा फुलं! ती करवादली, "दिवसभर ह्याच ओवतंय, घराक पण ह्याच?" आणि आरशासमोर जाऊन माळलीसुद्धा.

गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि तुम्ही वाडी सोडली नाहीत. आईचे गजरे आणि माझी शाळा इथे, म्हणून आम्ही इथे. तिकडे तुम्ही हसायला शिकलात, काकूंच्या मुलांना पोहायला शिकवलंत, त्यांच्या बोलीत बोलू लागलात. आमच्याकडे रविवारी पाहुण्यासारखे यायचात. आता तिथे इमारती झाल्यात, विहिरींचं पाणी टँकरने जातं. लोक हळहळतात. मीही हळहळते, चारचौघांत.

आई आत झोपली आहे, तिला हे वाचून दाखवणार नाही. बाबा, तुम्ही जगावं म्हणून मी देवाला हात जोडले होते. तुम्ही जगलात, भरभरून जगलात. फक्त ते आमच्या घरात नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.