सुवार्तेला गेलेला शिंपी

रुसून लेकीच्या घरी मुक्काम ठोकलेले आमचे थोरले साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या मेव्हणीचाही सलाम (तिने "माझा मुळीच कळवू नका" असं बजावलंय, म्हणजे कळवायचाच, एवढं आता मला समजतं). तुमचा गुडघा कसा आहे? घशाला जपा. ताईंना सांगा, त्यांच्या कुंड्यांना रोज पाणी घालतो. एक रोप गेलं, पण त्याचं लक्षण आधीपासूनच ठीक नव्हतं. बाकी आम्ही बरे आहोत, म्हणजे अंगाने. डोक्याचा मात्र पार गुंता झालाय. जन्मभर दोऱ्याचे गुंते सोडवले, पण याचं टोकच सापडेना, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही परत या, असं म्हणायला हे पत्र नाही. खुशाल आराम करा.

तुम्ही गेलात ते त्या कापडापायी, असं चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतात. माझ्या मते सुरुवात पाळकसाहेबांच्या उपदेशाने झाली. देवाने प्रत्येकाला वेगळं दान दिलंय असं त्यांनी तासभर समजावलं आणि त्याच दमात जाहीर केलं, की तरीही सगळ्यांनी एकमेकांची कामं करून बघावीत. (वेगळं दिलंय तर अदलाबदल कशाला, असं मी विचारणार होतो, पण तेवढ्यात शेवटचं गीत सुरू झालं.) झालं. बसमध्ये कंडक्टरकी करून घसा कमावलेल्या आणि निवृत्तीनंतर त्याच घशाने दारोदार सुवार्ता सांगणाऱ्या तुम्हाला त्यांनी सुईदोरा दिला, आणि चार माणसांत नाव विचारलं तरी अडखळणाऱ्या मज शिंप्याला सुवार्तेला धाडलं. तुम्ही व्यासपीठावरच्या कापडाची कड तिथेच बसून मन लावून शिवलीत, ती तुमच्या सदऱ्याच्या घेरासकट, आणि उठलात तेव्हा कापड, फुलदाणी आणि पाळकसाहेबांचा चष्मा अशी सगळी वरात तुमच्यामागून निघाली. यात तुमचा काही दोष नाही. शिकाऊ माणूस एकदा तरी स्वतःला शिवतोच. (टीप मात्र सरळ होती, हे मी शिंपी म्हणून सांगतो.) लोक हसले. तुमची मेव्हणी जरा जास्तच हसली, पण ती स्वतःच्या लग्नातही हसली होती, तेव्हा मनावर घेऊ नका. "आता माझं इथे काय काम," म्हणून कापडाला अडकलेला सदरा तिथेच उतरवून तुम्ही बाहेर पडलात ते थेट लेकीकडे.

तर तुमच्या जागी मी. पत्रकांची पिशवी खांद्याला, पहिलं वाक्य आरशासमोर घोकलेलं. पहिलंच दार उघडलं एका नर्सबाईने, ड्यूटीवर निघायच्या घाईत. "तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे," असं म्हणायला तोंड उघडलं आणि नजर गेली तिच्या गणवेशाच्या खिशाकडे. एका बाजूने उसवून लोंबत होता बिचारा. वाक्य गेलं कुठल्या कुठे आणि तोंडातून निघालं, "खिसा उसवलाय." ती म्हणाली, "माहितीये हो काका, पण वेळ कुठे असतो?" सुई काय, माझ्या कॉलरला कायमचीच. तिथेच स्टुलावर बसून खिसा लावून दिला. तोवर आतून सासऱ्यांनी पायजमा आणला, मग खिडकीचा पडदा आला, मग शेजारीण आली ती ब्लाउज घेऊनच. मी निघालो तेव्हा पिशवीतली पत्रकं तशीच होती, एक सोडून. ते शेजारणीच्या गळ्याचा आकार काढायला कापलं होतं. देव आणि तुम्ही दोघांनीही क्षमा करावी.

रविवारी बघतो तर आपल्या उपासनेत मागचा बाक नव्या माणसांनी भरलेला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं कशाला, हे त्यांना दिसलं नाही (चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता). त्यांनी सर्वांसमोर माझं लपलेलं दान सापडल्याचं सांगितलं, मला सुवार्तेचा प्रमुख केलं आणि येत्या महिन्यात उपदेशही माझाच ठेवला. मी मागाहून त्यांच्या खोलीत जाऊन गाठोड्यांचं खरं सांगितलं आणि विचारलं, साहेब, ही सुवार्ता झाली की सेवा? म्हणाले, दोन्ही. मग बोलायचं कधी? म्हणाले, कृतीच बोलते. मी म्हटलं, मग तुम्ही दर रविवारी तासभर बोलता ते? त्यावर त्यांनी आपण प्रार्थना करू या म्हटलं. डोळे मिटले, पण गुंता होता तिथेच. शिवलं तर सांगायचं राहतं, सांगायला गेलो तर माझं मलाच ऐकू येत नाही, आणि दोन्ही करायला जावं तर सुई बोटात जाते. तुमची मेव्हणी म्हणते, तुम्ही विचार करू नका, तो तुमचा प्रांत नाही. हे दानच म्हणायचं की उणीव, तेही कळेना.

असो. नातवंडांना पापे, ताईंना नमस्कार. तुमच्या प्रकृतीपुढे मंडळीचं काही मोठं नाही.

तुमचा गोंधळलेला,
धाकटा साडू

ता. क. कापडाची कड उसवून नव्याने शिवली. तुमच्या टिपेतला एक वीतभर भाग तसाच ठेवलाय, चांगली होती.

आणखी ता. क. ती नर्सबाई गाठोडं संपलं तरी दर रविवारी येते. परवा दाराशी थांबून म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात, ते राहूनच गेलं." मग हळूच विचारलं, रोज तेच तेच गाऱ्हाणं ऐकून तुमचा देव कंटाळत नाही का? तिचे डोळे भरले होते. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "तो खिसा आता उसवणार नाही." तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

शेवटचं. ती सगळी माणसं अजून त्या मागच्याच बाकावर अंग चोरून बसतात. पुढचे बाक रिकामे आहेत. "पुढे सरका, पुढे सरका" असं म्हणायला आमच्यात कुणालाच घसा नाही. सदरा माझ्याकडे राहिलाय, घेर नीट करून ठेवलाय. तो न्यायला तरी या.