वहिनीने सांगितलं नव्हतं

बिबवेवाडी, पुणे
रविवार, १८ नोव्हेंबर २०१८

प्रिय निकी,

तुला आणि तुझ्या छोट्या सृष्टीला दादाचे भरभरून आशीर्वाद. पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत. आई बरी आहे, गुडघे सोडून. थंडी पडायला लागली आहे, पण तुमच्या यवतमाळइतकी नाही. काल मंडईत तुझी आवडती बोरं दिसली. घ्यावी की नको करत उभा राहिलो आणि कोथिंबीर घेऊन परत आलो.

भाऊबीजेला तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. धीर झाला नाही, असं म्हणणं जास्त खरं.

ऑफिस नेहमीसारखं. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम तुला ठाऊकच आहे. पंधरा वर्षं तेच करतोय. स्वतःची एक चूक लिहायला मात्र तीन कागद फाडले. हा चौथा.

दसऱ्यानंतर तू नम्रताला शेवटचा मेसेज केलास, ‘वहिनी, तू असं करशील असं वाटलं नव्हतं,’ आणि तिचा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या नवऱ्याला, वैजनाथरावांना, फोन मी केला, हे तुला माहीतच आहे. तुझ्या वकिलाचं मला वहिनीने सांगितलं, असं तू धरून चाललीस. दुसरं कोण सांगणार? तिच्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं.

निकी, तिने मला एक अक्षरही सांगितलं नव्हतं. मी तिचे मेसेज चोरून वाचत होतो.

लिहिलं बुवा एकदाचं.

झालं असं की सोसायटीतल्या परप्रांतीय बायकांना नम्रता मराठी शिकवते. त्यांचे धडे छापायचे होते, म्हणून मे महिन्यात मी तिचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपला जोडून दिलं. छापून झाल्यावर तोडायला विसरलो. पहिले दोन दिवस खरंच विसरलो होतो, पुढचे पाच महिने नाही. रोज सकाळी ती आंघोळीला गेली की चहाचा कप घेऊन बसायचो. आधी वाटायचं, बघू तरी माझ्याबद्दल काय लिहिते. काही लिहीत नव्हती. जरा वाईटच वाटलं! मग तुझं नाव दिसलं. म्हटलं, ही तर माझी सख्खी बहीण, हिचं वाचायला काय हरकत आहे?

अशी मी स्वतःची समजूत काढत गेलो. तुझ्या पगाराचं कार्ड वैजनाथरावांकडे असतं, ते वाचलं. ते रोज तुझा फोन तपासतात, म्हणून वकीलबाईंचा नंबर तू ‘टेलर’ या नावाने ठेवलास आणि वहिनीशी झालेलं बोलणं लगेच पुसून टाकतेस, तेही वाचलं. माझं रक्त तापलं. बायकोचा फोन तपासतो म्हणजे काय लायकीचा माणूस हा, असं अगदी मोठ्याने म्हणालो. कुठे बसून म्हणालो, ते तुला सांगायला नको. त्या दिवशी मला ते कळलंसुद्धा नाही, ही मला सगळ्यांत जास्त खुपणारी गोष्ट आहे.

तू लिहिलं होतंस, ‘दादाला एवढ्यात सांगू नको. तो मायेपोटीच सगळं बिघडवेल.’ त्यावर नम्रताने लिहिलं, ‘नाही सांगणार. तुझं तू ठरव, मी आहे.’ हे दोन्ही मी वाचलं. वाचूनही फोन केला. थोरला भाऊ ना मी! आपल्याकडे असंच मिटवतात, चार माणसं बसवायची, चहा पाजायचा, दोघांना दोन शब्द सुनावायचे. वैजनाथरावांना म्हटलं, ‘अहो, वकिलापर्यंत कशाला जाऊ द्यायचं? मी येतो, बसून बोलू.’ ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत दादा. मी बघतो आता.’ फोन ठेवताना मला वाटलं, काम झालं.

तुझे सगळे दाखले त्यांनी कपाटात कुलूपबंद केले, हे नंतर आईकडून कळलं.

तुझा तो शेवटचा मेसेजही आधी मीच वाचला. नम्रता आत मेथी निवडत होती, फोन तिच्या बाजूला उलटा पडला होता. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि तिने फोन हातात घेईपर्यंत पेपर वाचत असल्याचं नाटक केलं.

ती बाहेर आली. ‘अनिरुद्ध, तू वैजनाथरावांना फोन केलास?’
‘हो.’
‘तुला कुठून कळलं?’
‘आईच्या बोलण्यावरून अंदाज आला.’

तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘अंदाज फार बारीक आहे तुझा,’ म्हणाली आणि मेथी निवडायला परत गेली. संध्याकाळी बघितलं तर तिने सगळीकडून व्हॉट्सॲप तोडून टाकलं होतं. चिडली असती, रडली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती नीट वागतेय. फोन आता उशीखाली ठेवते. बारा वर्षांत पहिल्यांदा.

चार दिवसांनी मीच कबूल केलं आणि विचारलं, ‘निकीला खरं का नाही सांगितलंस? उगाच तुझ्यावर आलं.’
‘तिला भाऊ एकच आहे,’ म्हणाली. ‘आत्ता तोही काढून घेऊ?’

म्हणून हे मी लिहितोय. माझ्यावर राग धर, मी समजावायला येणार नाही. आता कुणाला फोनही करणार नाही. फक्त वहिनीला फोन कर, शाळेतून कर. तुझ्या दाखल्यांचे फोटो तू तिला पाठवले होतेस, त्यांच्या प्रती काढून तिने फाईल करून ठेवली आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या, सुरुवातीला तेवढं पुरेल. हे मला माहीत आहे, कारण तेही मी वाचलं होतं. फाईल तिच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही. मी हात लावलेला नाही.

पत्र इथवर लिहून मघाशी तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, वाच, तुझ्याबद्दलच आहे. तिने वरची ओळ पाहिली, ‘प्रिय निकी’, आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिले.

‘हे तिचं आहे,’ म्हणाली, आणि ड्रॉवरमधून डिंकाची बाटली काढून दिली.

तेव्हा पाकीट नीट चिकटवून पाठवतोय. उघडशील ती तूच.

आजवर वहिनीच्या आड लपलेला,
तुझा दादा